आपला गल्ला, तरी हिशेब चुकतो: पर-सीपीयू व्हेरिएबलमधली रेस शोधणं आणि मिटवणं

कर्नलच्या कोडमध्ये नवीन आलेल्याला पर-सीपीयू व्हेरिएबलची ओळख साधारण अशी करून दिली जाते: "प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची प्रत मिळते, त्यामुळे लॉक लागत नाही." वाक्याचा पहिला अर्धा खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याने एकदा माझे तीन दिवस खाल्ले.

एका उपकरणाचा ड्रायव्हर लिहीत होतो. उपकरणाला किती कमांड पाठवल्या याची मोजणी मी पर-सीपीयू केली, जुनं लॉक काढून टाकलं आणि खूश झालो. ते उपकरणही स्वतःच्या रजिस्टरमध्ये आलेल्या कमांडांचा आकडा ठेवत असे. चाचणीनंतर दोन्ही आकडे शेजारी मांडले तर माझी बेरीज दर वेळी थोडी कमी. कधी चाळीसने, कधी दोनशेने. पहिला संशय फर्मवेअरवर, दुसरा रजिस्टर वाचण्याच्या पद्धतीवर. स्वतःच्या "अधिक एक" वर संशय घ्यायला तिसरा दिवस उजाडला.

खालच्या पायऱ्या त्या तिसऱ्या दिवसापासून सुरू होतात. उदाहरण लिनक्स कर्नलचं आहे. तुम्हाला सी भाषा येते आणि साधं मॉड्यूल बांधून लोड करता येतं, एवढं धरून चालतो. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, खालच्या रेघांसकट टाइप करायची.

पायरी १: व्हेरिएबल नेमकं कुठे राहतं ते बघा

    डिफाइन_पर_सीपीयू(यू६४, कमांड_मोजणी);

असं लिहिलं की हे व्हेरिएबल कर्नलच्या एका वेगळ्या सेक्शनमध्ये जातं. तिथे ते एकच असतं, साच्यासारखं. मशीनवर जितके प्रोसेसर असू शकतात तितक्या प्रती कर्नल बूट होताना (मॉड्यूलमधलं व्हेरिएबल असेल तर मॉड्यूल लोड होताना) या साच्यावरून काढतो, आणि प्रत्येक प्रत साच्यापासून किती अंतरावर आहे ते एका ॲरेमध्ये नोंदवून ठेवतो. म्हणजे "तीन नंबरच्या प्रोसेसरची मोजणी" कुठे आहे? साच्यातला पत्ता अधिक तीन नंबरचं अंतर. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर चालू प्रोसेसरचं अंतर जीएस या सेगमेंट रजिस्टरच्या बेसमधून मिळतं. एआरएम६४ वर त्यासाठी वेगळं सिस्टिम रजिस्टर असतं.

एवढंच आहे ते. यात कुलूप नाही, राखणदार नाही. तीन नंबरच्या प्रतीला सहा नंबरच्या प्रोसेसरने हात लावला तर हार्डवेअर हूं की चूं करत नाही. "स्वतःची प्रत" हा प्रोग्रामरांनी आपसात पाळायचा करार आहे.

मग हा खटाटोप कशाला? कॅशसाठी. एकच सामाईक काउंटर ठेवला आणि आठ कोअर त्यात भर घालू लागले, तर तो काउंटर ज्या ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये आहे ती लाइन सतत या कोअरकडून त्या कोअरकडे ओढली जाते. ॲटॉमिक, म्हणजे मध्ये दुसऱ्या कोणाला घुसू न देणारी क्रिया, वापरलं तर उत्तर बरोबर येतं, पण ओढाताण तशीच राहते. पर-सीपीयूमध्ये प्रत्येक जण आपापल्या कॅश लाइनमध्ये लिहितो.

पायरी २: चूक मुद्दाम घडवून आणा

रेस, म्हणजे दोघांची कामं एकमेकांत घुसून होणारा घोळ, दिसत नाही तोवर ती दुरुस्त झाली की नाही हेही कळत नाही. म्हणून आधी ती घडवायची. हा माझा मूळ कोड:

    यू६४ *प = रॉ_सीपीयू_पीटीआर(&कमांड_मोजणी);
    *प = *प + १;

दोनच ओळी, पण कामं चार आहेत: मी कोणत्या प्रोसेसरवर आहे ते पाहून पत्ता काढणं, पत्त्यावरची किंमत वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. आता घड्याळ हळू करून बघा.

थ्रेड 'क' तीन नंबरवर चालू आहे. तिथली मोजणी ५००. 'क' ने पत्ता काढला, ५०० वाचले, रजिस्टरमध्ये ५०१ केले. एवढ्यात टायमरचा इंटरप्ट आला, आणि शेड्यूलरने 'क' ला बाजूला सारून 'ख' ला तीन नंबरवर बसवलं. 'ख' ने आपलं काम करताना मोजणी वीस वेळा वाढवली: ५२०. इकडे सहा नंबरचा प्रोसेसर रिकामा बसला होता, त्याने 'क' ला उचललं. 'क' ला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या हातात तीन नंबरचा पत्ता आहे आणि ५०१ हा आकडा आहे. त्याने तो तीन नंबरच्या प्रतीत लिहून टाकला. 'ख' च्या वीस नोंदी गेल्या.

बसस्थानकावरच्या तिकीट खिडक्या आठवा. प्रत्येक खिडकीचा गल्ला वेगळा, म्हणून भांडण नाही. पण तीन नंबरच्या कारकुनाने गल्ला मोजून चिठ्ठीवर रक्कम लिहिली, तेवढ्यात साहेबांनी त्याला सहा नंबरवर पाठवलं, आणि तासाभराने त्याने जुनी चिठ्ठी तीन नंबरच्या वहीत चिकटवली, तर काय होईल? गल्ले वेगळे असूनही हिशेब बुडाला. बुडाला तो माणूस हलल्यामुळे आणि चिठ्ठी शिळी झाल्यामुळे.

इथे नवीन माणूस एक वाजवी शंका काढतो: "पण कंपायलर वाचा-मिळवा-लिहा हे प्रोसेसरच्या एकाच सूचनेत (इन्स्ट्रक्शनमध्ये) बसवू शकतो, मग?" बसवू शकतो. इंटेलवर मेमरीतल्या किमतीत थेट एक मिळवणारी सूचना आहेच. पण पत्ता त्याच्या आधीच्या सूचनेत निघालेला असतो. दोन सूचनांच्या मध्ये 'क' हलला, तर सहा नंबरवरून तीन नंबरच्या प्रतीत भर घातली जाईल, नेमकी त्याच क्षणी जेव्हा तीन नंबरही तिथेच भर घालतोय. त्या सूचनेला लॉकचा प्रीफिक्स, म्हणजे तेवढ्यापुरतं इतर प्रोसेसरांना अडवणारी खूण, नाही, त्यामुळे दोन प्रोसेसर एकमेकांच्या नोंदी पुसू शकतात. हा मुद्दा नीट मनात मुरवा, कारण पुढचा मुख्य उपाय यावरच उभा आहे: पत्ता काढणं आणि बदल करणं, दोन्ही एकाच न तुटणाऱ्या घासात झालं पाहिजे.

घडवण्याची कृती अशी. हे सगळं क्यूईएमयूसारख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, कामाच्या लॅपटॉपवर नको. व्हर्च्युअल मशीनला निदान चार प्रोसेसर द्या. मॉड्यूलमध्ये त्याच्या दुप्पट कर्नल थ्रेड काढा, प्रत्येकाला दहा लाख वेळा मोजणी वाढवायला लावा, आणि शेवटी सगळ्या प्रतींची बेरीज छापा. आठ थ्रेड असतील तर ऐंशी लाख यायला हवेत.

ऐंशी लाखच आले तर हुरळून जाऊ नका. `यूनेम -व्ही` चालवून कर्नल कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. कर्नलमध्ये चाललेलं काम मध्येच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देण्याची सोय, म्हणजे प्रीएम्प्शन, मुख्य लिनक्समध्ये २.६ पासून, डिसेंबर २००३ पासून, आली. पण आजही ती किती प्रमाणात चालू ठेवायची हे ठरवता येतं. ओळीत 'प्रीएम्प्ट_डायनॅमिक' दिसलं तर बूटच्या ओळीत `प्रीएम्प्ट=फुल` द्या. तरीही आकडा बरोबरच येत असेल तर फट रुंद करा:

    यू६४ *प = रॉ_सीपीयू_पीटीआर(&कमांड_मोजणी);
    यू६४ जुनी = *प;
    शेड्यूल();
    *प = जुनी + १;

आता तूट लाखांत दिसेल. `शेड्यूल()` ने नवी चूक निर्माण केलेली नाही. जी फट दोन-तीन सूचनांची होती ती फक्त ताणून धरली आहे. (फेऱ्या कमी करा, नाहीतर चहा होऊन जाईल तरी चाचणी संपणार नाही.)

पायरी ३: गजर चालू करा, आणि वाजला की बंद करू नका

कर्नल बांधताना 'कॉन्फिग_डीबग_प्रीएम्प्ट' चालू ठेवा. मग `एसएमपी_प्रोसेसर_आयडी()` किंवा `धिस_सीपीयू_पीटीआर()` अशा जागी वापरलं, जिथून थ्रेड हलू शकतो, तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'बग' या शब्दाने सुरू होणारी ओळ येते: प्रीएम्प्ट होऊ शकणाऱ्या कोडमध्ये हे फंक्शन वापरलंय, अमुक प्रोसेस, अमुक पीआयडी, आणि खाली कॉल कुठून आला त्याची साखळी. तपासणी बऱ्यापैकी शहाणी आहे: प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट बंद असतील, किंवा थ्रेड एकाच प्रोसेसरला कायमचा बांधलेला असेल, तर ती गप्प राहते.

आता कबुली. माझ्या ड्रायव्हरमध्ये ही ओळ पहिल्याच आठवड्यात आली होती. मी शोधाशोध केली, `रॉ_` ने सुरू होणारी भावंडं सापडली, ती लावली, ओळ गेली. रोग तसाच राहिला, थर्मामीटर तेवढा फोडला. `रॉ_` चा अर्थ "प्रोसेसर बदलला तरी मला फरक पडत नाही, तपासू नकोस" असा आहे. कुठल्या प्रोसेसरच्या रांगेत काम टाकायचं याचा नुसता अंदाज हवा असेल, आणि त्या रांगेला स्वतःचं लॉक असेल, तर `रॉ_` योग्यच. मोजणीसाठी नाही. दुसऱ्याचा पॅच तपासताना `एसएमपी_` च्या जागी `रॉ_` आलेलं दिसलं की मी आता आधी तिथेच थांबतो.

सोबत 'कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग' आणि 'कॉन्फिग_डीबग_ॲटॉमिक_स्लीप' हेही चालू करा. पाचव्या पायरीत त्यांचं काम पडेल. आणखी एक साधन म्हणजे केसीसॅन, ऑगस्ट २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून कर्नलमध्येच असलेला डेटा रेस शोधक. दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच पत्त्यावर आले तर तो पकडू शकतो. मात्र "थ्रेड हलला आणि सावकाश चुकीच्या जागी लिहून आला" ही प्रत्येक घटना त्याच्या जाळ्यात येईलच असं नाही.

पायरी ४: मध्ये कोण घुसू शकतं, त्याची यादी कागदावर लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उपाय निवडणं त्यानंतर जवळजवळ आपोआप होतं.

तुमच्या त्या दोन ओळींच्या मध्ये सहा प्रकारचे पाहुणे येऊ शकतात. एक, थ्रेड स्वतःच दुसऱ्या प्रोसेसरवर जाणं. दोन, थ्रेड तिथेच राहणं पण त्याला बाजूला सारून दुसऱ्या थ्रेडने तोच कोड चालवणं. तीन, सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे इंटरप्टनंतर मागे ठेवलेलं काम उरकणारा कर्नलचा कोड. चार, हार्डवेअरचा इंटरप्ट. पाच, एनएमआय, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट. सहा, दुसऱ्या प्रोसेसरने मुद्दाम तुमच्या प्रतीत लिहिणं.

प्रत्येक बंदोबस्त यातल्या काहींनाच अडवतो. `मायग्रेट_डिसेबल()` फक्त पहिल्याला. याच्या नावावरून फसायला होतं: थ्रेड जागेवर राहतो, पण त्याच्या जागी दुसरा येऊन त्याच गल्ल्यात हात घालू शकतोच. `प्रीएम्प्ट_डिसेबल()` पहिल्या दोघांना. `लोकल_बीएच_डिसेबल()` साध्या कर्नलवर पहिल्या तिघांना. `लोकल_आयआरक्यू_सेव्ह()` पहिल्या चौघांना. सहाव्याला यातलं कोणीच अडवत नाही, कारण हे सगळे बंदोबस्त फक्त आपल्या प्रोसेसरपुरते.

माझ्या ड्रायव्हरमध्ये मोजणी दोन जागी वाढत होती: यूजरने राइट केल्यावर प्रोसेसच्या संदर्भात, आणि अयशस्वी कमांड पुन्हा पाठवताना इंटरप्ट हँडलरमध्ये. म्हणजे पाहुणे एक, दोन आणि चार. मी यादी न करता आधी नुसतं प्रीएम्प्शन बंद केलं. तूट दोनशेवरून पाच-सहावर आली. ही अवस्था वाईट, कारण पाच-सहाची तूट "चालतंय की" म्हणून सोडून द्यावीशी वाटते.

लिनक्सचा पसारा अंगावर येत असेल तर हीच गोष्ट एक्सव्ही६ मध्ये बघा. एमआयटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमातला हा छोटा कर्नल आहे, आणि त्याच्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीत प्रोसेसरचा क्रमांक टीपी रजिस्टरमध्ये असतो. तिथे `मायसीपीयू()` इंटरप्ट बंद असतानाच बोलवायचं, असा नियम वरच्या टिप्पणीतच आहे. "सध्या कोणती प्रोसेस चालू आहे" हे सांगणारं `मायप्रॉक()` आधी इंटरप्ट बंद करतं, `मायसीपीयू()` मधून प्रोसेसचा पॉइंटर उचलतं, आणि मग इंटरप्ट पूर्ववत करून तो पॉइंटर परत देतं. इंटरप्ट पुन्हा चालू झाल्यावर प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसरवर गेली तरी हा पॉइंटर खोटा ठरत नाही, कारण मी कुठेही गेलो तरी मी मीच. `मायसीपीयू()` ने दिलेला पॉइंटर मात्र त्या क्षणी शिळा होतो.

त्याच कर्नलमध्ये याची उलटी बाजूही आहे. इंटरप्ट बंद करण्याआधी ते चालू होते का, हे `पुश_ऑफ()` प्रत्येक प्रोसेसरच्या नोंदीत 'इंटेना' या नावाने लिहून ठेवतं. पण `शेड()` मध्ये प्रोसेस बदलण्याआधी ही किंमत स्थानिक व्हेरिएबलमध्ये उचलली जाते आणि परत आल्यावर, त्या वेळी जो प्रोसेसर असेल त्याच्या नोंदीत ठेवली जाते. तिथली टिप्पणी सांगते की ही गोष्ट खरं तर थ्रेडची आहे, प्रोसेसरची नाही. एखादं व्हेरिएबल पर-सीपीयू करण्याआधी हा प्रश्न विचारा: ही माहिती प्रोसेसरची आहे की त्यावर चाललेल्या कामाची? कामाची असेल तर ती जागा बदलली की तिची रेस तुम्हाला सोडवतच बसावी लागेल.

पायरी ५: यादीला पुरेल एवढाच उपाय लावा

एकाच आकड्यात एकच बदल करायचा असेल तर हे:

    धिस_सीपीयू_इंक(कमांड_मोजणी);

भर घालायला `धिस_सीपीयू_ॲड()`, तुलना करून बदलायला `धिस_सीपीयू_सीएमपीएक्ससीएचजी()`. ६४ बिट इंटेलवर याची एकच सूचना होते: जीएसच्या बेसपासून अमुक अंतरावरच्या शब्दात एक मिळव. पत्ता काढणं त्या सूचनेच्या पोटातच आहे. इंटरप्ट सूचना संपल्यावरच येतो, मध्ये नाही. म्हणून थ्रेड हलला तर सूचनेच्या आधी तरी हलेल किंवा नंतर तरी. आणि लॉकचा प्रीफिक्स लागत नाही, कारण दुसरा प्रोसेसर इथे लिहीत नाही. एआरएम६४ वर याच्या काही सूचना होतात, भोवती प्रीएम्प्शन बंद केलं जातं. ज्या प्रोसेसरांसाठी खास सोय नाही तिथे इंटरप्ट बंद करून काम भागवतात. तुमच्यासाठी करार सगळीकडे सारखा: हलणं आणि इंटरप्ट, दोन्हींपासून सुरक्षित. माझ्या ड्रायव्हरचं दुखणं या एका ओळीने गेलं.

दोन खाचखळगे. नावाच्या आधी दोन खालच्या रेघा असलेली `__धिस_सीपीयू_इंक()` वेगळी आहे. प्रीएम्प्शन किंवा इंटरप्टचा बंदोबस्त तुम्ही आधीच केलाय असं ती गृहीत धरते. आणि हे:

    धिस_सीपीयू_राइट(म, धिस_सीपीयू_रीड(म) + १);

दोन्ही क्रिया स्वतंत्रपणे सुरक्षित, जोडी मात्र पूर्ण उघडी. वाचलं तीन नंबरवर, लिहिलं सहा नंबरवर. वाचणाऱ्याला "धिस_सीपीयू आहे ना, मग ठीक" असं वाटून जातं, म्हणून ही चूक पॅच तपासताना डोळ्यांतून निसटते.

दोन-तीन फील्ड एकत्र बदलायची असतील, जसं संख्या आणि बाइट, तर एका सूचनेत भागत नाही. फक्त प्रोसेसच्या संदर्भातलेच थ्रेड तिथे येत असतील तर:

    स्ट्रक्ट आकडे *आ = गेट_सीपीयू_पीटीआर(&आकडे);
    आ->संख्या++;
    आ->बाइट += लांबी;
    पुट_सीपीयू_पीटीआर(&आकडे);

'गेट' मध्ये प्रीएम्प्शन बंद, 'पुट' मध्ये चालू. या दोहोंच्या मध्ये झोपायचं नाही. म्यूटेक्स नाही, जीएफपी_कर्नल लावून मेमरी मागणं नाही, यूजरच्या मेमरीतून कॉपी नाही. ही शिस्त मोडली की 'डीबग_ॲटॉमिक_स्लीप' तुम्हाला जागेवर पकडतो. आणि 'पुट' नंतर `आ` हा पॉइंटर मेला असं समजा. पुढे लॉग छापायला म्हणून वापरणारे मी पाहिलेत.

इंटरप्ट हँडलरही तीच फील्ड बदलत असेल तर प्रोसेसच्या बाजूला `लोकल_आयआरक्यू_सेव्ह()` आणि `लोकल_आयआरक्यू_रिस्टोअर()`. 'डिसेबल-एनेबल' ची जोडी वापरू नका: तुम्हाला बोलावणाऱ्याने इंटरप्ट आधीच बंद केले असतील तर तुमचं 'एनेबल' त्याच्या नकळत ते चालू करून टाकेल.

नवीन कोड लिहीत असाल तर याऐवजी `लोकल_लॉक` वापरा, असं माझं मत. तेही ५.८ मध्येच आलं. साध्या कर्नलवर त्याचा परिणाम प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट बंद करण्याइतकाच, पण बंदोबस्त कोणत्या डेटासाठी आहे हे नावानिशी लिहिलेलं राहतं, आणि लॉकडेपला, म्हणजे 'प्रूव्ह_लॉकिंग' मधल्या लॉक-तपासनिसाला, तपासताही येतं. उघड्या `प्रीएम्प्ट_डिसेबल()` कडे पाहून तो कशासाठी होता हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरं कारण रिअल-टाइम कर्नल. प्रीएम्प्ट_आरटी नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये चालू करता येऊ लागला, आणि त्यात नेहमीचा स्पिनलॉक झोपू शकतो. म्हणजे प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट बंद करून आत स्पिनलॉक घेणारा जुना कोड तिथे चुकीचा ठरतो. `लोकल_लॉक` तिथे आपोआप पर-सीपीयू लॉकचं रूप घेतं.

आणि दुसऱ्या प्रोसेसरने खरोखरच तुमच्या प्रतीत लिहायचं असेल, तर प्रत्येक प्रतीला स्वतःचा स्पिनलॉक द्या. लॉकवर गर्दी क्वचितच होईल, त्यामुळे ते स्वस्त पडतं. फक्त आपला लॉक धरून ठेवून शेजाऱ्याचा मागू नका. दोघांनी एकाच वेळी तसं केलं की दोघेही कायमचे अडकतात. एक्सव्ही६ च्या लॉकच्या प्रयोगात, प्रत्येक प्रोसेसरला मोकळ्या पानांची वेगळी यादी देऊन शेजाऱ्याकडून पानं उसनी आणताना, विद्यार्थी याच खड्ड्यात पडतात.

पायरी ६: बेरीज करणाऱ्याकडेही बघा

लिहिणारे सुधारले तरी वाचणारा घोळ घालू शकतो. बेरीज `फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू` ने करा, 'ऑनलाइन' ने नाही. प्रोसेसर बंद केला तरी त्याच्या प्रतीतली मोजणी तिथेच असते. फक्त चालू असलेल्यांची बेरीज केली तर एकूण आकडा अचानक खाली येतो.

एकट्या प्रतीच्या किमतीवरून निर्णय घेऊ नका. "सध्या किती कमांड अडकून आहेत" मोजताना कमांड दोन नंबरवरून जाते आणि तिचा इंटरप्ट पाच नंबरवर येतो. दोन नंबरची प्रत वाढतच जाते, पाच नंबरची शून्याच्या खाली. दोन्ही बरोबर, अर्थ फक्त बेरजेला. तीही चालत्या गाडीचा फोटो आहे: तुम्ही दोन नंबर वाचून पुढे गेलात आणि मग तिथे एक वाढली, पाच नंबरवर एक कमी झाली, तर तुमची बेरीज क्षणभर उणेही येऊ शकते. कर्नलच्या `परसीपीयू_काउंटर` मध्ये 'सम_पॉझिटिव्ह' असं फंक्शन मुद्दाम ठेवलंय ते यासाठीच. हा तयार काउंटर एरवीही बघण्यासारखा आहे: प्रत्येक प्रोसेसर आपल्यापाशी थोडं साठवतो आणि ठरावीक हप्त्याने मध्यवर्ती आकड्यात भरतो, त्यामुळे अंदाजे आकडा हवा असेल तर सगळ्या प्रती फिरावं लागत नाही.

३२ बिट प्रोसेसरवर आणखी एक कटकट. ६४ बिटचा आकडा तिथे दोन तुकड्यांत वाचला जातो, आणि मोजणी ४२९ कोटींच्या पुढे सरकते त्याच क्षणी वाचली तर वरचा तुकडा जुना आणि खालचा नवा असा भलताच आकडा हाती येतो. त्यावर `यू६४_स्टॅट्स_सिंक` आहे. वाचणाऱ्याला मध्ये बदल झाल्याचं कळतं आणि तो पुन्हा वाचतो. ६४ बिटवर त्याचा भार जवळजवळ शून्य.

मग 'रीसेट' ची मागणी. कोणीतरी म्हणतंच, "आकडे शून्यावर आणायची सोय द्या." सगळ्या प्रतींत फिरून शून्य लिहिणं म्हणजे सहावा पाहुणा आपणच घरात घेणं: तीन नंबरने ९०० वाचले, तुम्ही शून्य लिहिलं, त्याने ९०१ लिहिले, रीसेट हवेत. त्यापेक्षा आकड्यांना हातच लावू नका. रीसेटच्या वेळची बेरीज बाजूला लिहून ठेवा आणि दाखवताना ती वजा करा. विजेचं मीटर दर महिन्याला कोणी शून्य करत नाही. मागचं रीडिंग वजा करूनच बिल येतं.

पायरी ७: तपासणी

आधी दुसऱ्या पायरीतलं मॉड्यूल नव्या कोडसह चालवा, `प्रीएम्प्ट=फुल` ठेवून, पुन्हा पुन्हा. इंटरप्टची बाजू तपासायला मॉड्यूलमध्ये एचआरटायमर, म्हणजे कर्नलचा बारीक वेळेचा टायमर, लावा. त्याच्या कॉलबॅकमधूनही तीच मोजणी वाढवा आणि कॉलबॅक किती वेळा आला ते वेगळं ॲटॉमिकमध्ये मोजा, म्हणजे अपेक्षित बेरीज नेमकी कळते.

मग मॉड्यूलची फाइल ऑब्जडंप या साधनाने असेंब्लीत उलगडून ती एक सूचना डोळ्यांनी बघा. इंटेलवर तिच्या पत्त्यात जीएस दिसला पाहिजे. आधीच्या ओळीत जीएसवरून पत्ता रजिस्टरमध्ये उचललाय आणि पुढच्या ओळीत त्या रजिस्टरवरून वाढ केलीय असं दिसलं, तर तुम्ही अजून दुसऱ्या पायरीवरच आहात.

शेवटी चाचणी चालू असताना रूट होऊन सिसएफएसमधल्या तीन नंबरच्या प्रोसेसरच्या 'ऑनलाइन' फाइलमध्ये ० लिहा, दहा सेकंदांनी १ लिहा, आणि तेवढ्या वेळात बेरीज दर सेकंदाला छापत राहा. एकदाही ती मागे आली, तर सहाव्या पायरीतला 'पॉसिबल' तुमच्या कोडमध्ये कुठेतरी 'ऑनलाइन' राहून गेलाय.